डावीकडची सीट

रुस्तावीच्या बाजारात गाड्या
धुळीत नाक खुपसून उभ्या असतात.
काचेवर खडूनं किंमत,
तिच्याखाली पुसलेली आधीची किंमत.
सकाळी आठपासून मी
त्या पुसलेल्याकडेच बघत फिरतेय.

पर्समध्ये पाच हजार चारशे लारी.
त्यात भावानं पोलंडहून पाठवलेले आहेत,
आईच्या दोन हंगामांचे अक्रोड आहेत,
आणि माझी एक दाढ आहे,
यंदा काढायची होती, पुढच्या साली ढकलली.
जीभ सारखी तिथंच जाते,
भाव विचारताना जास्तच.

मिनीबस बंद झाली, इंजेक्शनं बंद झाली नाहीत.
चार गावं, एक मी,
आणि म्हाताऱ्यांची साखर काही
माझ्या चालण्यासाठी थांबत नाही.

शेजारचा जुम्बेर खिशात चुंबक घेऊन आला होता,
फ्रिजवरचं, ज्यावर बातुमीचा समुद्र छापलाय.
दारांना, बॉनेटला, चाकांवरच्या कमानींना
तो समुद्र लावून बघायचा.
चिकटला तर पत्रा.
गळून पडला तर रंगाखाली नुसती लांबी भरलेली.
सात गाड्यांवरून समुद्र पडला.
सातव्या वेळी मालकानंच तो उचलून दिला,
शर्टाला पुसून.

आठवी ही. करडी, लहानशी, जपानहून आलेली,
स्टिअरिंग उजवीकडे.
आमच्याकडे रस्ताही उजव्या अंगानंच चालतो,
म्हणजे चालवणारी बसणार गटाराच्या कडेला
आणि समोरून काय येतंय ते दिसणार
शेजारी बसलेल्याला.
म्हणून स्वस्त.
"खोट नाही हो," ओतिया म्हणाला, विकणारा,
"सवयीचा प्रश्न आहे."
मी म्हटलं, सवयीचे तीनशे कमी कर.
त्यानं आभाळाकडे बघितलं, बायकोला फोन लावला,
मला वाटतं लावल्यासारखं केलं.
तेवढ्यात मागच्या डाव्या दारावरून
समुद्र गळून पडला.
तिघंही खाली बघत राहिलो.
"बरं," तो म्हणाला, "तीनशे."

किल्ली फिरवली तर आतून एक बाई बोलली,
जपानीत, फार अदबीनं.
"काय म्हणते?" आईनं विचारलं.
"कळत नाही."
"मग हो म्हण तिला.
कुणाच्या घरात आलोय आपण."
हातमोजे ठेवायच्या कप्प्यात
एक लहान मुलीची पिन निघाली, पिवळी.
ती आईनं परत तिथंच ठेवली.

परतीच्या वाटेवर जुम्बेर मागं झोपला.
त्या दाराला टेकू नकोस, एवढंच त्याला सांगितलं.
आई पुढं, डावीकडे,
जिथं आमच्या साऱ्या देशाचे ड्रायव्हर बसतात,
मांडीवर पावाची पिशवी घट्ट धरून, चाकासारखी.
प्रत्येक वळणाला तिचा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत होता.

मग पुढं द्राक्षांचा ट्रक आला.
तीसच्या वेगानं, मधमाश्यांची वरात घेऊन.
मला फक्त त्याची फळी दिसत होती.
"आई, समोरून कोण येतंय बघ."

माझी आई दारेजान.
आयुष्यभर तिनं मला एकच शब्द सांगितला: थांब.
नदीला थांब, शहराला थांब,
त्या गोरीच्या मुलालाही थांब, तो थांबला नाही.
आता ती मान लांब करून म्हणाली,
"थांब."
मग, "थांब."
काच खाली केली, डोकं बाहेर काढलं,
रुमाल उडून माझ्या तोंडावर आला.
"थांब, थांब, अगं थांब—
जा!
जा ना, बघतेस काय!"

इंजिन ओरडलं, जपानी बाई काहीतरी म्हणाली,
मी हो म्हटलं.
ट्रक मागं पडला.

बराच वेळ आई गप्प.
मग म्हणाली,
"त्या ट्रकवाल्याला कुणी सांगत नाही वाटतं
दाढी कर म्हणून."
आणि थोड्या वेळानं, पिशवीतून पाव मोडत,
"पुढं अजून एक आहे बघ."